टक्क्यांवरची केस : वकिलाच्या फीचा इतिहास आणि नवी मुंबईची जमीन

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरच्या कोर्टाबाहेर तारखेची वाट पाहत बसलेल्या अशिलांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो : वकील पैशासाठी उभा राहतो की आपल्यासाठी? वकिलाच्या मनात काय आहे हे कायद्याला कधीच तपासता आलेले नाही. गेली दोनशे वर्षे कायदा ठरवत आला आहे ते एवढेच : फी कशावर मोजायची, ती केव्हा घ्यायची आणि अशिलाचा पैसा कुणाच्या हातात राहायचा. नवी मुंबईत हा विषय इतरत्र नसेल इतका नाजूक झाला, कारण सत्तरच्या दशकात इथल्या आगरी-कोळी कुटुंबांच्या घरात संपादनाची नोटीस आणि वकीलपत्र मागोमाग आले.

कंपनी सरकारच्या काळात वकिलाची फी दोघांनी बसून ठरवायची गोष्ट नव्हती, ती सरकार ठरवून देई. बंगालमध्ये १७९३ च्या रेग्युलेशनने आणि आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन कोडने कोर्टातील वकिलांसाठी नियम घालून दिले. फी दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात असे. रक्कम मोठी तर फी मोठी, पण दावा जिंकला काय आणि हरला काय, आकडा तोच. पुढे १८४६ च्या कायद्याने धर्म किंवा राष्ट्रीयत्वाची अट काढून वकिली खुली केली आणि फी आपसात ठरवायची मुभा दिली. तरीही सरकारी फीचे कोष्टक गेले नाही. १९२० च्या बॉम्बे प्लीडर्स ॲक्टच्या परिशिष्टात ते पुन्हा आले. हरलेल्या पक्षाकडून जो खर्च वसूल होतो, त्यातली वकील फी अशा कोष्टकावर बसते. अशिलाने प्रत्यक्षात दिलेली फी त्याहून कितीतरी जास्त असते, म्हणून ‘खर्चासह दावा मंजूर’ झाल्यावरही हातात येणारा खर्च पाहून माणूस चक्रावतो.

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, वेगळीच रीत होती. तिथे इंग्लंडची पद्धत आली होती. बॅरिस्टरची फी म्हणजे मानधन, तिच्यासाठी तो अशिलावर दावा लावू शकत नसे, आणि पैशाचे बोलणे सॉलिसिटर करी. ब्रीफवर फी ‘जीएम’ मध्ये, म्हणजे गोल्ड मोहरमध्ये लिहीत, एक मोहर १५ रुपयांची. पैशाला हात न लावणारा माणूस अधिक निःस्पृह सल्ला देतो, अशी त्यामागची समजूत. प्रत्यक्षात सॉलिसिटर आणि बॅरिस्टर अशा दोघांचा खर्च अशिलाच्या माथी बसे. १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्टने हे सरळ केले : वकील फीचा करार करू शकतो, ती दावा लावून वसूल करू शकतो आणि हलगर्जी केली तर त्याच्यावरही दावा लागू शकतो. हक्क आणि जबाबदारी एकाच कायद्यात बांधली गेली, हे त्याचे मोठेपण.

आता ‘टक्क्यांवर केस’ या शब्दांकडे येऊ. निकालानंतर जे मिळेल त्यातला हिस्सा फी म्हणून घ्यायचा, हे इंग्लंडच्या कायद्यात पूर्वापार निषिद्ध होते. भारतात तसे नव्हते. १८७६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितले की हा इंग्लिश नियम इथे जसाच्या तसा लागू नाही. गरीब माणसाला हक्काची मालमत्ता मिळवण्यासाठी कुणी पैसा लावला आणि वाजवी हिस्सा घेतला, तर एवढ्याने करार रद्द ठरत नाही. म्हणून सावकाराने, नातेवाइकाने, आजच्या भाषेत फायनान्सरने दाव्यात पैसा लावणे बेकायदा नाही. वकिलाला मात्र ही मोकळीक नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाचे प्रकरण आले. वसूल होणाऱ्या रकमेचा ५० टक्के हिस्सा फी म्हणून घ्यायचा करार त्याने केला होता. असा करार दोन सामान्य माणसांत झाला असता तर बेकायदा नव्हता, वकिलाने केला म्हणून ते व्यावसायिक गैरवर्तन ठरले.

पुढे १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आणि त्याखालील बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आले. अशिलाला माहीत असायलाच हवेत असे नियम थोडेच आहेत. नियम ११ : वकिलाने आपल्या ज्येष्ठतेला आणि प्रकरणाला साजेशा फीवर काम स्वीकारायचे असते, खास कारण असेल तरच नकार. नियम १२ : मध्येच सोडायचे तर सबळ कारण आणि पुरेशी नोटीस हवी, आणि न केलेल्या कामाची फी परत द्यायची. नियम २० : निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळकतीत हिस्सा घ्यायचा नाही. नियम २५ ते ३० अशिलाच्या पैशाच्या हिशोबाचे आहेत : आलेली रक्कम फीची की खर्चाची हे लिहून ठेवायचे आणि मागताच खात्याची प्रत द्यायची. नियम ३२ : दाव्यासाठी अशिलाला कर्ज द्यायचे नाही. यातला सर्वांत कमी पाळला गेलेला नियम कुठला असेल, तर २०.

तो का पाळला गेला नाही, हे नवी मुंबईच्या जमिनीवरून कळते. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे नवी मुंबई उभारणारे सरकारी महामंडळ, स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घ्यायच्या होत्या. भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या माणसाला निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, मिळणारा दर मान्य नसेल, तर कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रकरण कोर्टात पाठवायला लावायचे, याला सगळे ‘रेफरन्स’ म्हणतात. मुदत फार कमी : निवाड्याच्या वेळी हजर असाल तर निवाड्यापासून ६ आठवडे, नसाल तर कलम १२(२) ची नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यातले जे आधी संपेल ते. पहिला फास इथेच बसे. पैसे घेताना ‘हरकत राखून’ असे लिहिले नसेल, तर अर्जाचा हक्कच जाई. वाचता न येणाऱ्या कितीतरी माणसांनी रोख मोजून घेतली आणि दिलेल्या जागी अंगठा उठवला.

ज्याने हरकत नोंदवली त्याच्याकडेही वकिलाला द्यायला रोकड नसे. रेफरन्स चालवायचा तर आसपासच्या खरेदीखतांच्या नकला, मूल्यनिर्धारकाची साक्ष, गावनकाशा, रस्ता आणि स्टेशनपासूनचे अंतर दाखवणारे कागद, आणि वर्षानुवर्षे तारखा. पनवेल-उरणच्या माणसाला त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे अलिबाग, ठाण्याच्या पट्ट्यातल्याला ठाणे. हा खर्च स्वतःच्या खिशातून करणारे वकील होते, आणि त्यांच्यामुळेच अनेक घरांना वाढीव मोबदला मिळाला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. ‘आत्ता काही देऊ नका, मिळाले की टक्क्यांनी बघू’ या वाक्यात सहानुभूती आणि व्यवहार दोन्ही होते. दोन्ही खरे होते.

पण त्या टक्क्याचा हिशोब मांडून पाहिला पाहिजे. समजा जमीन ४,००० चौरस मीटर, साधारण एकरभर. निवाड्याचा दर चौरस मीटरला ५ रुपये, कोर्टाने दिला २० रुपये. वाढ झाली ६०,००० रुपये. १९८४ च्या दुरुस्तीनंतरचे दर लागू धरले, तर कलम २३(२) चा ३० टक्के दिलासा (सक्तीच्या संपादनाबद्दलची जादा रक्कम) १८,००० रुपये. जमीन घेण्याच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत ३ वर्षे धरून कलम २३(१अ) चे वार्षिक १२ टक्के म्हणजे २१,६०० रुपये. एकूण ९९,६०० रुपये. त्यावर कलम २८ खाली पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५ टक्के व्याज. ताबा घेतल्यापासून १५ वर्षे गेली तर व्याजच २,१८,१२४ रुपये. मिळून ३,१७,७२४ रुपये. वकिलाचा हिस्सा २० टक्के ठरला असेल तर ६३,५४५ रुपये, म्हणजे जमिनीच्या दरात जी वाढ मिळाली तिच्याहून जास्त. शिवाय केस एक वर्ष लांबली की व्याजात १४,९४० रुपयांची भर पडते आणि वकिलाच्या वाट्यात २,९८८ रुपयांची. दर वाढवण्यात वकील आणि अशील दोघांचे हित एक, पण विलंबात वकिलाचे नुकसान होत नाही आणि अशिलाचे आयुष्य जाते. हा दोष कुणा एका माणसाच्या स्वभावाचा नाही, फी मोजायच्या पद्धतीचा आहे.

कलम २८अ ने तर ही विसंगती उघड केली. शेजाऱ्याला कोर्टाने वाढीव दर दिला, आणि तुमची जमीन त्याच अधिसूचनेतली असेल, तर रेफरन्स केला नसला तरी तोच दर मागता येई. अट एवढीच की निकालापासून ३ महिन्यांत अर्ज करायचा, आणि नकल मिळायला लागलेले दिवस त्यात मोजायचे नाहीत. साक्ष नाही, उलटतपासणी नाही. अर्ज आणि निकालाची नकल, इतक्याच कामाला पूर्ण रेफरन्सइतकाच टक्का लावणे कुठल्याही हिशोबात बसत नाही.

प्रत्यक्षात बिघडते ते कागदांत. कोऱ्या वकीलपत्रावर सही, निकालाआधीच घेतलेले कोरे चेक, वकिलाच्या ओळखीच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र, आणि कोर्टात जमा झालेली रक्कम काढताना भलतेच खाते. सातबाऱ्यावर आठ-दहा वारस असतील तर एक भाऊ सगळ्यांच्या वतीने टक्का कबूल करतो आणि बहिणींना रक्कम निघाल्यावर कळते. म्हणून रक्कम थेट प्रत्येक हक्कदाराच्या बँक खात्यावर सोडण्याचा आदेश मागणे, ही वारसांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी विनंती आहे.

इथे दि. बा. पाटलांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. प्रकल्पग्रस्तांचे नेते, जासईचे दि. बा. स्वतः वकील होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देणारी योजना उभी राहिली. त्यातही सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन प्रत्यक्ष हातात ८.७५ टक्के येते, ही गोष्ट प्रत्येक प्रकल्पग्रस्त जाणतो. या भागातल्या जमीनधारकांना मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट कोणत्याही वकीलपत्रातून आली नाही. ज्या वकिलाने ती मागितली त्याने तिच्यावर टक्का लावला नव्हता. मात्र योजनेनेच नव्या कागदांची रांग लावली : वारस दाखले, पात्रतेचे वाद, बिल्डरबरोबरचे त्रिपक्षीय करार. आणि तिथे टक्का परत आला.

फी परवडत नाही त्याच्यासाठी कायद्याने दुसरी वाट काढली ती उशिरा. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालाने तुरुंगातल्या गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क ठामपणे मांडला. घटनेत अनुच्छेद ३९अ १९७६ मध्येच आले होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि अटकेतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाण्याला हा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाकडे करायचा. २०२२ पासून फौजदारी प्रकरणांत पगारी, पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत सुरू झाली आहे. त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. आरोपीच्या खिशाशी त्यांचा संबंध उरत नाही, आणि ही सुधारणा मनापासून स्वागत करावी अशी आहे.

२००० पासूनचे तीन निकाल अशिलाने लक्षात ठेवावेत. २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फी बाकी असली तरी वकिलाला फाइल अडकवून ठेवता येत नाही. फीसाठी वेगळा दावा लावावा, कागद परत द्यावेत. वकील बदलताना ‘आधी हिशोब, मग नाहरकत’ असे ऐकावे लागते, तेव्हा हाच निकाल दाखवायचा. २०१७ मध्ये बी. सुनीता प्रकरणात टक्केवारीच्या फीपोटी घेतलेल्या चेकवरून वकिलाने लावलेली कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, फौजदारी केस रद्द झाली. मिळणाऱ्या रकमेवर टक्का घेणे करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे कोर्टाने म्हटले. तिसरा निकाल १४ मे २०२४ चा. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद झाला.

राहिला बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खालचा तक्रार अर्ज. शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद ठरावीक काळ स्थगित करू शकते किंवा वकिलाचे नाव यादीतून काढू शकते. एका वर्षात निर्णय झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. राज्याच्या समितीच्या आदेशावर अपील ६० दिवसांत. अशिलाला फी परत मिळवून देणे हे या समितीचे काम नाही, त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. दोन्हीकडे तोंडी सांगण्याला फार वजन नसते. तारीख घातलेली पावती, तिच्यावर ‘फी’ की ‘खर्च’ असा स्पष्ट उल्लेख, रोखीऐवजी बँकेतून दिलेली रक्कम, आणि वकीलपत्राची सही करण्याआधी काढलेली झेरॉक्स, एवढे कागद हातात असले की नियम २५ ते ३० प्रमाणे हिशोब मागता येतो.