सॉफ्ट वॉशिंग : गिलावा केलेल्या बाह्य भिंतींची धुलाई

सॉफ्ट वॉशिंग : इमारतीच्या बाहेरील गिलाव्यावर वाढलेले शेवाळ, बुरशी व दगडफूल रसायनाने मारून कमी दाबाच्या पाण्याने भिंत स्वच्छ करण्याची पद्धत. अमेरिकेत ती मुख्यतः दमट आग्नेय राज्यांतल्या छपरांवरचे काळे ओघळ काढण्यासाठी वापरतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मात्र भिंती हेच तिचे मोठे क्षेत्र आहे. तिथे हा रीतसर धंदा असून खिडक्या धुणारे कारागीर पुष्कळदा तो जोडधंदा म्हणून करतात. ही नोंद तिथल्या कामाविषयी आहे.

गेल्या काही दशकांत ब्रिटनमधील नव्या घरांवर पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचा गिलावा सर्रास दिसू लागला. त्याचे दोन प्रकार नेहमी भेटतात. एक सिमेंटचा, एकाच थरात १५ ते २० मिमी जाडीचा, ज्याच्या मिश्रणातच रंग असतो. दुसरा सिलिकॉन किंवा ॲक्रिलिकचा, जेमतेम १.५ ते ३ मिमीचा पातळ थर, बहुधा थर्माकोलसारख्या उष्णतारोधक पाट्यांवर दिलेला. दोन्ही विकले जातात ते ‘रंगवायची कटकट नाही’ म्हणून. रंग लावावा लागत नाही हे खरे, पण हिरवळ धरायला भिंत मोकळीच राहते. उष्णतारोधक पाट्यांवरच्या गिलाव्यावर तर शेवाळ लवकर येते. घरातली ऊब बाहेरच्या पातळ थरापर्यंत पोचत नाही, निरभ्र रात्री तो थर हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव साचते. घर उबदार ठेवण्यासाठी केलेला खर्च भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असा नडतो.

डाग कुठे पडतात हे पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. उत्तरेकडची भिंत आधी हिरवी होते, कारण तिला ऊन कमी मिळते. छपराच्या वळचणीखालचा पट्टा बहुतेक कोरडा आणि स्वच्छ असतो. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांखाली मात्र ओघळ उतरतात, कारण तिथून पाणी थेट भिंतीवर येते. नारिंगी-तांबूस डाग दिसला की घरमालक गंज समजतात. पुष्कळदा ते ट्रेंटेपोहलिया नावाचे शेवाळ असते. वर्गीकरणाने ते हिरव्या शैवालांतलेच, पण त्यातील कॅरोटीन रंगद्रव्यामुळे हिरवेपण झाकले जाते. सह्याद्रीत पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर जो केशरी लेप दिसतो, तोही बऱ्याचदा याचाच. दगडफूल म्हणजे शैवाल आणि कवक यांचा एकत्र संसार. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल याच जातीचा जीव असले, तरी भिंतीवरचे गिलाव्याच्या रंध्रांत रुतलेले असते आणि सहजी सुटत नाही.

अशा भिंतीवर प्रेशर वॉशर चालवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. घरच्या नळाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो, तर प्रेशर वॉशरचा १०० ते २०० बार. त्या झोताने पातळ थर उचकटतो, जाड थरावर कांडीच्या फेऱ्यांचे पट्टे कायमचे उमटतात आणि फटींतून पाणी मागच्या पाट्यांपर्यंत शिरते. शिवाय वरची हिरवळ गेली तरी रंध्रांतले जीव जिवंत राहतात आणि ओल मिळताच पुन्हा वाढतात. सॉफ्ट वॉशिंगमध्ये झोताला काम नसतेच. बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा छोटा पंप, रसायनाची टाकी, लांब नळी आणि लांबवता येणारा दांडा एवढ्यावर भागते. पंपाचा दाब सहसा ७ बारच्या आत असतो.

सौम्यता आहे ती दाबात. रसायन अजिबात सौम्य नसते. मुख्य द्रव्य सोडियम हायपोक्लोराइट, कारागिरांच्या बोलण्यात नुसते ‘हायपो’. हायपोक्लोराइटचा धंदेवाईक वापर अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या जावेल येथे कापड पांढरे करण्यासाठी सुरू झाला. पहिल्या महायुद्धात सुमारे अर्धा टक्का द्रावणाने जखमा धुतल्या जात. करोनाच्या काळात आपल्याकडे पृष्ठभाग निर्जंतुक करायला १ टक्क्याचे द्रावण वापरले गेले, ते हेच. भिंतीवर साधारण १ ते ४ टक्के द्रावण मारतात. बाजारात ते १० ते १५ टक्क्यांचे मिळते. १२ टक्क्यांच्या एका भागात पाच भाग पाणी घातले की २ टक्के होते. हिशेब सोपा वाटतो, पण हायपो ऊन आणि उष्णतेने आपोआप कमजोर होत जाते, त्यामुळे जुन्या कॅनवरचा आकडा विश्वासाचा नाही. द्रावण उभ्या भिंतीवरून लगेच घसरू नये म्हणून त्यात फेसाळणारे साबणी द्रव्य मिसळतात.

प्रत्यक्ष काम फवारणीच्या बरेच आधी सुरू होते. भिंतीलगतची झाडे साध्या पाण्याने भिजवून झाकायची, बाहेरचे विजेचे सॉकेट, दाराची घंटा आणि खिडक्यांच्या वरच्या हवेच्या फटी टेपने बंद करायच्या, शेजाऱ्याला गाडी हलवायला सांगायचे, दोरीवरचे कपडे काढायला लावायचे. मग एका कोपऱ्यात चाचणी. त्यानंतर द्रावण खालून वर मारत जायचे, म्हणजे कोरड्या भिंतीवर ओघळांच्या रेघा उमटत नाहीत. १० ते २० मिनिटांत हिरवा रंग तपकिरी होत फिका पडतो. नारिंगी डागाला जास्त वेळ लागतो, दुसरा हातही द्यावा लागतो. भिंत मध्येच वाळू द्यायची नाही, म्हणून भर उन्हात काम टाळतात. शेवटी वरून खाली भरपूर पाणी आणि झाडांना पुन्हा एकदा अंघोळ. या कारागिराचे कपडे लगेच ओळखू येतात, कारण गडद निळ्या पँटवर नारिंगी ठिपके असतात. जिथे कपड्याचा रंग असा उडतो, तिथे डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे का लागतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा मार्ग सावकाशीचा. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे जैवनाशक मारून भिंत तशीच सोडायची. काही तास पाऊस आला नाही म्हणजे झाले. पुढे शेवाळ आठवड्यांत मरते, दगडफूल काही महिन्यांत सुटून पडते, धुण्याचे काम पाऊस करतो. गिऱ्हाइकाला ‘आज काहीच दिसणार नाही’ हे पटवणे यात सर्वांत अवघड, म्हणूनच अनेक जण आधी हायपोने भिंत उजळतात आणि नंतर पुन्हा वाढ लांबावी म्हणून जैवनाशकाचा हात देतात.

हायपोने सगळे निघते हा समज चुकीचा आहे. खरा गंज, क्षारांची पांढरी फुली आणि गाड्यांची काजळी त्याला दाद देत नाहीत. गंजासाठी ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्ये लागतात, आणि इथेच जीवावरचा धोका आहे : हायपो आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या साबणाशीही ते मिसळायचे नसते. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर हायपो शक्यतो टाळावे, कारण मागे राहणारे मीठ रंध्रांत स्फटिक होऊन पापुद्रे काढते.

ब्रिटनमध्ये उंचीवरील कामांसाठी २००५ चे आणि आरोग्यास घातक पदार्थांसाठी २००२ चे नियम या धंद्याला लागू होतात. जमिनीवर उभे राहून दांड्याने काम करण्याकडे कल आहे तो यामुळेच, शिडी निघते ती नाइलाजाने. पाण्याच्या निचऱ्याकडे मात्र अजूनही कमी लक्ष दिले जाते. तिथल्या अनेक वसाहतींत पावसाच्या पाण्याची गटारे सांडपाण्यापासून वेगळी असतात आणि थेट ओढ्या-नद्यांना मिळतात. त्यांत हायपो गेले तर मासे मरतात. म्हणून गटाराचे तोंड बंद करून पाणी अडवतात.

महाराष्ट्रात असा स्वतंत्र धंदा रूढ नाही. इथल्या बाहेरच्या भिंती मुख्यतः रंगवलेल्या, त्यामुळे पावसाळ्याने काळवंडलेली भिंत घासून, परांची किंवा झुला बांधून पुन्हा रंगवली जाते. शेवाळ मारायला ब्लीचिंग पावडरचे पाणी रंगाऱ्यांच्या ओळखीचे आहे. तेही हायपोक्लोराइटच, फक्त सोडियमऐवजी कॅल्शियमचे. त्याचा न विरघळणारा चुनकट साका भिंतीवर पांढरा डाग सोडतो. वर रंग बसणार असेल तर घासून काढल्यावर तो खपतो, न रंगवलेल्या गिलाव्यावर मात्र उठून दिसतो.