लिमिट स्विच

यंत्राचा सरकता भाग ठरलेल्या जागी पोहोचला की त्याच्याच धक्क्याने चालणारा विद्युत स्विच. लिफ्ट, क्रेन, कन्व्हेयर, प्रेस, लेथ अशा बहुतेक यंत्रांवर तो असतो. कारखान्यात त्याला नुसते ‘लिमिट’ म्हणतात. ‘लिमिट लागली’ म्हणजे यंत्र हद्दीपर्यंत जाऊन थांबले.

बाहेरून दिसतो तो रोलर लावलेला लीव्हर किंवा दट्ट्या. खरी करामत आतल्या स्प्रिंगची. संपर्क हळूहळू उघडले तर त्यांच्यामध्ये ठिणगी रेंगाळते आणि ते जळतात. म्हणून लीव्हर कितीही सावकाश सरकला, तरी विशिष्ट बिंदूला संपर्क झटक्यात पलटतील अशी रचना केलेली असते. परतीच्या वाटेवर ते थोडे पुढे जाऊन पलटतात. दोन बिंदूंमध्ये हे अंतर नसते, तर यंत्राच्या थरथरीने स्विच सारखा चालू-बंद होत राहिला असता. अशी झटका-रचना छोट्याशा डबीत बसवणारा मायक्रोस्विच १९३० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट येथे तयार झाला.

सुरक्षेसाठी एनसी, म्हणजे एरवी जोडलेला संपर्क वापरतात. वायर तुटली तरी यंत्र थांबते; एनओ, म्हणजे एरवी उघडा संपर्क वापरला असता, तर तुटलेली वायर गरज पडेपर्यंत कळलीच नसती. पण एनसी संपर्कच वितळून चिकटला तर? त्यासाठी काही स्विचांत दट्ट्या स्प्रिंगवर न विसंबता संपर्क थेट ढकलून उघडतो. वर्तुळातला बाण ही अशा स्विचची खूण.

क्रेनवर हा विचार आणखी एक पाऊल पुढे जातो. दोर गुंडाळणाऱ्या ड्रमला जोडलेला रोटरी लिमिट हुक ठरावीक उंचीवर थांबवतो. मात्र तो ‘वर’ नेणाऱ्या काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, सर्किटमध्ये असतो. दुरुस्तीनंतर मोटरचे दोन फेज अदलाबदल झाले, तर ‘खाली’चे बटण दाबल्यावर हुक वर जातो आणि हा लिमिट बघत बसतो. हुक ड्रमवर आदळून दोर तुटू शकतो. म्हणून त्याच्याही वर, लोंबत्या वजनाचा ग्रॅव्हिटी लिमिट लावतात. हुकने ते वजन उचलले की मोटरचा मुख्य पुरवठाच तुटतो, मग दिशा कोणतीही असो.

वस्तू जवळ आल्याचे ओळखणाऱ्या प्रॉक्झिमिटी सेन्सरला स्पर्श लागत नाही आणि झीजही नसते. वेगवान मोजणीसाठी तोच बरा. मात्र साध्या सेन्सरमधला ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन ‘चालू’ अवस्थेतच अडकू शकतो. म्हणूनच हद्दीच्या अखेरच्या संरक्षणासाठी यांत्रिक स्विच टिकून आहे.

त्याचे आजार ठराविक: कूलंट (थंड ठेवणारा द्रव) आत शिरणे, लीव्हरचा स्क्रू ढिला होणे, रोलर झिजणे, खाचेत बुरादा अडकणे. यापेक्षा वाईट म्हणजे उत्पादन अडू नये म्हणून तो शॉर्ट करून ठेवणे. क्रेनवर म्हणून पाळी सुरू होताना रिकामा हुक सावकाश वर नेऊन लिमिट खरोखर लागते का, हे पाहतात.