करणारं माणूस: घरच्या शुश्रूषेची कायद्याने घेतलेली दखल

कोल्हापुरात कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं, की भेटायला आलेले लोक चहा घेता घेता हळूच विचारतात, "करणारं कोण हाय?" सून, बायको, थोरली लेक, कधीमधी लग्न न झालेला भाऊ, असं काहीतरी उत्तर येतं. मराठीत या माणसाला नेमका शब्द आहे तो हाच. 'काळजीवाहू' आपण राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्यांना देऊन टाकला. सरकारी कागदावर हे माणूस 'पालक' असतं, 'नातेवाईक' असतं किंवा 'अवलंबून व्यक्ती'. तिसरा शब्द तर खरा प्रकार उलटाच करून टाकतो.

काम काय असतं ते आधी नीट पाहायला हवं. अर्धांगाच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाड, टाचा आणि खुब्यावर जखमा होतात. एअर बेड भाड्याने आणला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. शिवाय वीज गेली, पंप बंद पडला आणि गादी हळूहळू बसली, तर ती कुणीतरी हात घालून तपासावी लागते. नाकातल्या नळीने भरवायचं तर पाठ ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि भरवून झाल्यावर किमान अर्धा तास तशीच ठेवायला हवी, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. सगळ्यात जास्त चूक होते ती उचलताना. काखेत हात घालून ओढलं की लुळा खांदा निखळतो आणि ओढणाऱ्याची कंबर धरते. कमरेखाली दुमडलेली चादर घालून, दोन्ही बाजूंनी धरून रुग्णाला सरकवायचं असतं, उचलायचं नसतं. हे दहा मिनिटांत शिकवता येतं. पण डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात, चादरीचं कुणी लिहीत नाही.

आपल्या कायद्याने या कामाकडे पाहायला सुरुवात केली ती कर्तव्याच्या बाजूने. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ त्यापुढे गेलं आणि ते सर्व धर्मांना लागू झालं. लग्न झालेली मुलगीही त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. मग २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आला. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित, निर्वाहभत्ता महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. या कायद्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. म्हणजे बहुतेक घरांत जी प्रत्यक्ष करते ती कायद्याच्या चौकटीबाहेर. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई दोघांना आत घेण्याचा प्रस्ताव होता, पण तोही जबाबदारी टाकण्यासाठी, मदत देण्यासाठी नव्हे. दुसरी अडचण व्यवहारातली आहे. न्यायाधिकरण पैसे द्यायला लावू शकतं, रात्री दोनला उठायला लावू शकत नाही.

घराच्या आत कायदा नेणं कोल्हापूरला नवं नाही. घरात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध शाहू महाराजांनी १९१९ मध्येच कायदा केला होता. पण छळ रोखणं वेगळं आणि कष्ट मोजणं वेगळं.

योजनांची गंमत त्याहून मोठी. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. तिच्यासोबतची वृद्धांची राज्य योजना म्हणजे 'श्रावणबाळ': वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, २०२३ मध्ये रक्कम महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली. श्रावणबाळ म्हणजे कावड खांद्यावर घेणारा. योजनेला नाव त्याचं आणि पैसे कावडीत बसलेल्यांना. ते मिळायलाच हवेत, पण खांदा कुणाचा हे तहसीलच्या अर्जात कुठेच विचारलं जात नाही.

मोजणी सुरू झाली ती खूप उशिरा. वेळ वापराची पहिली सरकारी पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. देशभराची पाहणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाली. २०२४ च्या आकड्यांनुसार १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करतात, रोज सरासरी १४० मिनिटं. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के, आणि जे करतात ते ७४ मिनिटं. यात लहान मुलांचं करणंही आलं. पण पद्धत पाहिली की आकडा कमीच वाटतो. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करतात आणि तुकड्यात दहा मिनिटं तरी चाललेलं काम टिपतात. रात्री पाच मिनिटांत बदललेली ओली चादर त्यात सापडत नाही, आणि कान उघडा ठेवून घेतलेली झोप ही झोपच धरली जाते.

न्यायालयांनी या कष्टांना रुपयांत आकडा दिला, तो बाई मेल्यावर. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टाने न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये लावली. गृहिणींना भिकारी आणि कैद्यांसोबत एकाच गटात टाकणाऱ्या २००१ च्या जनगणनेवर याच न्यायालयाने २०१० मध्ये कडक ताशेरे ओढले, आणि २०२१ च्या निकालात वेळ वापर पाहणीचा आधार घेतला.

ब्रिटनमध्येही सरळ काही झालं नाही. आईवडिलांसाठी नोकरी सोडणाऱ्या अविवाहित बायकांची संघटना तिथे १९६५ मध्ये उभी राहिली, आणि १९७६ मध्ये करणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाने भत्ता सुरू झाला. लग्न झालेल्या बायकांना मात्र तो नव्हता. त्या घरीच असतात, करणारच, असा हिशोब. आईचं करणारी एक विवाहित बाई युरोपीय न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा १९८६ मध्ये ती अट पडली.

आपल्याकडे करणाऱ्या माणसासाठी शब्द कायद्यात आला तो अपंगत्वाच्या वाटेने. १९९५ चा कायदा सात प्रकारचं अपंगत्व मानत होता. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि देखभाल करणाऱ्याची व्याख्याही केली: आईवडील, घरचं किंवा दुसरं कुणीही, मोबदला घेऊन वा न घेता. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याची तरतूदही केली, पण 'सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेतून अशा माणसाला महिना ६०० रुपये दिले. रक्कम किरकोळ, पण करणाऱ्याच्या नावावर.

नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात उभी केलेली हेल्पर्स ऑफ दि हॅंडिकॅप्ड ही संस्था दुसऱ्या टोकाने या प्रश्नाला भिडते. माणूस स्वतःचं स्वतः करू लागला की करणाऱ्याचा भार आपोआप कमी होतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांची जोती उंच. व्हीलचेअरच्या उतरणीला एकास बारा हे प्रमाण लागतं, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. दोन फुटी फळी टाकून काम भागवलं तर मागून ढकलणाऱ्याच्या अंगावर खुर्ची येते.

पालकत्वाचा कागद बहुतेक जण विसरतात. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा. लोक जागे होतात ते वडील गेल्यावर, मुलाचं बँक खातं अडकलं की.

स्मृतिभ्रंश झालेली सासू किंवा कोमात गेलेला नवरा या कायद्यात बसत नाही. खातं चालवायला, जमीन विकून उपचार करायला पालक नेमून घ्यायचा तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. त्यासाठी मुंबई गाठावी लागे, आणि घरी रुग्णाजवळ कोण, हा प्रश्न तिकीट काढायच्या आधी यायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात भरू लागलं, तेही सीपीआर रुग्णालयासमोर. वॉर्डातून रस्ता ओलांडला की कोर्ट.

गावपातळीवर वापरण्याजोगा पैसा आजही आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. वर्षाअखेरीस तो बहुधा सारख्या रकमा वाटून संपवला जातो. त्याच पैशातून गावासाठी एक मागेपुढे वर होणारी लोखंडी कॉट, दोन एअर बेड, एक कमोड खुर्ची घेऊन ती फिरती ठेवता येते. मागणी ग्रामसभेत लेखी द्यावी आणि अर्थसंकल्प ठरण्याआधी द्यावी. मार्चमध्ये दिली तर पैसे वाटून झालेले असतात. अडचण एवढीच, की ग्रामसभेला यायला जिला वेळ नसतो तीच करणारी असते. तिच्या वतीने आशाताईंनी किंवा बचत गटाने अर्ज दिला तरी चालतं.