काकाकुवा : दत्तक पक्ष्याचे पालन व प्रशिक्षण

काकाकुवा, दत्तक पक्ष्याचे पालन व प्रशिक्षण : पूर्वीच्या मालकाकडून अथवा पक्षी-निवाऱ्यातून नव्या घरी आलेल्या काकाकुव्याला तेथे रुळवणे, त्याचा विश्वास संपादन करणे आणि सोबत राहण्यास आवश्यक अशा क्रिया त्याला शिकवणे, एवढाच विषय या नोंदीत घेतला आहे. वन्य स्थितीतील जीवनक्रम व प्रजनन यांसाठी [⟶ काकाकुवा, पोपट].

काकाकुव्यांचे काकाटुइडी हे कुल शुकगणात मोडते. जातींची संख्या साधारणपणे २१ धरतात. काही उपजातींना जातीचा दर्जा द्यावा की नाही यावर मतभेद असल्याने ती थोडी मागेपुढे होते. प्रसार ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाचा पूर्व भाग, फिलिपीन्स व सॉलोमन बेटे येथे आहे. उभारता येणारा तुरा व पित्ताशयाचे अस्तित्व ही कुलाची ठळक लक्षणे. इतर पोपटांच्या पिसांत निळा-हिरवा रंग निर्माण करणारी सूक्ष्म रचना काकाकुव्यांत नसते. म्हणून पांढरा, काळा, करडा, गुलाबी, लाल व पिवळा एवढ्याच रंगांत हे कुल आटोपते.

कॉकॅटील (निंफिकस हॉलंडिकस) या छोट्या पक्ष्याचे स्थान दीर्घकाळ वादग्रस्त होते. सडपातळ बांधा, लांब शेपूट आणि जमिनीवर चरण्याची सवय यांवरून त्याला रुंदपुच्छ पोपटांच्या जवळ ठेवीत. तुरा, पित्ताशय व पिसांची भुकटी (पिसांपासून सुटणारी बारीक पूड) ही लक्षणे मात्र काकाकुव्यांकडे बोट दाखवीत होती, आणि डीएनए-अभ्यासांनी कुलापुरता हा प्रश्न त्याच बाजूने मिटवला. कुलाच्या आत तो काळ्या काकाकुव्यांना जवळचा की स्वतंत्र उपकुलाचा, यावर निष्कर्ष वेगवेगळे आले आहेत. स्वतंत्र उपकुल मानणे अधिक सावधपणाचे दिसते. पालनाच्या दृष्टीने सुमारे १०० ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याचे प्रश्न निराळे व बरेच सौम्य असल्याने पुढील विवेचन मुख्यतः पांढऱ्या काकाकुव्यांना (काकाटुआ प्रजाती) लागू आहे. त्यांपैकी छत्री काकाकुवा (का. आल्बा), मोलुक्कन (का. मोलुक्केन्सिस), गंधकी तुऱ्याचा (का. गॅलेरिटा), त्याचा लहान भाऊबंद पिवळ्या तुऱ्याचा (का. सल्फ्यूरिया) आणि गॉफिन काकाकुवा या जाती घरांत अधिक आढळतात. गॉफिनच्या शास्त्रीय नावाबाबत जुने ग्रंथ वाचताना घोटाळा संभवतो. जर्मन पक्षिविज्ञ फिन्श यांनी १८६३ मध्ये दिलेले ‘गॉफिनी’ हे नाव ज्या नमुन्यांवर आधारले होते ते सॉलोमन बेटांवरील दुसऱ्याच जातीचे (का. डुकॉर्प्सी) निघाले, त्यामुळे तनिंबर बेटांवरील या पक्ष्याला २००४ मध्ये ‘गॉफिनियाना’ हे नाव देण्यात आले.

पूर्वपीठिका : काकाकुवा माणसाळवण्याची सुरुवात त्याच्या मूळ प्रदेशातच झाली असणार, यूरोपात तो केव्हा पोहोचला हाच वादाचा भाग. आंद्रेआ मान्तेन्या या इटालियन चित्रकाराच्या १४९६ मधील एका वेदीचित्रात पांढरा काकाकुवा स्पष्ट दिसतो आणि बराच काळ तोच यूरोपातील सर्वांत जुना पुरावा समजला जाई. तथापि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रीड्रिख याच्या ससाण्यांच्या शिकारीवरील लॅटिन ग्रंथाची जी हस्तलिखित प्रत व्हॅटिकन ग्रंथालयात आहे, तीत पांढऱ्या तुरेवाल्या पक्ष्याची चार रेखाटने आहेत. इजिप्तच्या सुलतानाकडून हा पक्षी भेट आल्याचा उल्लेखही ग्रंथात आहे. हा सुलतान अल-कामिल असावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑस्ट्रेलियन व फिनिश संशोधकांनी ही चित्रे तपासून पक्षी मादी असल्याचे आणि तो गंधकी तुऱ्याच्या काकाकुव्याच्या न्यू गिनीकडील उपजातीचा अथवा पिवळ्या तुऱ्याच्या जातीचा असल्याचे मत मांडले. बहुतेक पांढऱ्या काकाकुव्यांत प्रौढ माद्यांचा डोळा तांबूस व नरांचा जवळजवळ काळा असतो. लिंगनिश्चितीला या चित्रांतील डोळ्यांच्या रंगाचाच आधार घेतलेला आहे. ग्रंथरचनेचा काळ तेराव्या शतकाचा मध्य धरल्यास पुरावा सु. २५० वर्षांनी मागे जातो. लहान रेखाटनांवरून जात ठरवणे धोक्याचे असले, तरी पक्षी काकाकुवा होता एवढे मान्य करण्यास हरकत नसावी. त्याला कसे ठेवीत, काय शिकवीत, याविषयी मात्र ग्रंथ मुका आहे.

दत्तक पक्ष्याचा प्रश्न : मोठ्या जाती बंदिवासात ४० ते ६० वर्षे, प्रसंगी त्याहून अधिक जगतात. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातील ‘कुकी’ हा मेजर मिचेल जातीचा काकाकुवा २०१६ मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी मरण पावला. इतक्या दीर्घायुषी पक्ष्याला एकाच माणसाची आयुष्यभर सोबत मिळणे कठीण. मालकाचे वार्धक्य, स्थलांतर किंवा शेजाऱ्यांच्या तक्रारी यांमुळे तो घरे बदलतो. नव्या घरी तो कोरी पाटी घेऊन येत नाही. आधीच्या घरात किंचाळल्यावर माणूस धावत आला असेल, तर किंचाळणे हे त्याचे पक्के शिक्षण झालेले असते.

आल्यावर पहिले काही आठवडे पक्षी गप्प, सोशिक आणि आश्चर्यकारकरीत्या आज्ञाधारक वाटतो. पालनविषयक पुस्तिका हा काळ ‘जुळवून घेण्याचा’ मानतात. हा बुजरेपणा आहे आणि पक्षी परिसर जोखत असतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण भूक-झोप पूर्ववत झाली की किंचाळणे व चावणे सुरू होते आणि गाफील राहिलेला मालक पक्षी ‘बिघडला’ असे समजतो. घरात अन्य पक्षी असल्यास नव्याला ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवून पशुवैद्याकडून सिट्टॅकोसिस (माणसालाही होणारा जीवाणुजन्य रोग) व चोच-पिसे रोग यांच्या चाचण्या करून घेतात.

पिंजरा पक्ष्याला दोन्ही पंख पूर्ण पसरता येतील एवढा तरी हवा. जस्ताचा मुलामा उडणारी जाळी विषारी ठरते. दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या, शक्यतो सालीसकट लाकडाच्या असाव्यात. साधी कडी पुरत नाही : २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्ना येथील प्रयोगांत गॉफिन काकाकुव्यांनी एकामागून एक उघडावी लागणारी पाच कुलुपे उघडली होती. त्याआधी २०१२ मध्ये तेथीलच ‘फिगारो’ या पक्ष्याने लाकडाच्या तुळईची ढलपी काढून तिने जाळीपलीकडचे दाणे ओढून घेतल्याची नोंद झाली. चघळून भुगा करण्याजोगे लाकूड, पुठ्ठा व दाणे लपवलेली खेळणी रोज मिळाली नाहीत तर हीच बुद्धी खुर्चीच्या पायांवर चालते. झोप १० ते १२ तास, अंधारात व शांततेत हवी. पिसांच्या भुकटीमुळे दमेकऱ्यांना त्रास होतो. वरचेवर पाण्याचा फवारा दिल्याने ती थोडी आटोक्यात राहते. चिकटविरोधी मुलाम्याची (नॉनस्टिक) भांडी अतितप्त झाल्यावर निघणारा वायू माणसाला जाणवण्याआधीच पक्ष्याचा बळी घेतो.

देहबोली : गालांवरची पिसे पुढे येऊन खालची चोच झाकली गेली, एक पाय पोटाशी घेतला आणि चोच घासल्याचा बारीक करकर आवाज येऊ लागला म्हणजे पक्षी निवांत आहे. उभा तुरा एकट्याने काही सांगत नाही. आनंद, भय व राग या तिन्हींत तो उभा राहतो. तुऱ्याबरोबर शेपटीचा पंखा, ताठ शरीर, डोलणे आणि फुत्कार असेल तर हात मागे घ्यावा. ज्याच्या इशाऱ्यांकडे पूर्वी कोणी लक्षच दिले नाही तो पक्षी इशारे देणे सोडून थेट चावतो. दत्तक पक्ष्यांत हे विशेष दिसते.

प्रशिक्षण : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ मार्गदर्शिकांत मालकाने पक्ष्यावर वर्चस्व गाजवावे, त्याला डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावे, चावल्यास हात हिसडून त्याचा तोल घालवावा असे सांगितलेले असते. थव्यातील मान बसण्याच्या उंचीवरून ठरतो या गृहीतकाला भक्कम आधार नाही. उलट तोल घालवलेला पक्षी हाताचीच भीती शिकतो. सध्या वर्तनाच्या परिणामांवर आधारलेली पद्धत सर्वत्र रूढ होत आहे. हव्या असलेल्या क्रियेनंतर लगेच आवडती वस्तू मिळाली की ती क्रिया वाढते, हे तिचे सूत्र. अमेरिकेत केलर व मेरियन ब्रेलंड या वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या शिष्यांनी १९४० नंतर ती विविध प्राण्यांवर व्यवसाय म्हणून वापरली. क्लिकरसारखा (दाबल्यावर ‘क्लिक’ असा आवाज करणाऱ्या छोट्या साधनाचा) खुणेचा आवाज क्रिया व बक्षीस यांमधील क्षण जोडतो.

पहिला धडा बहुधा लक्ष्यकाठीचा असतो, आणि तो पक्षी पिंजऱ्यात असतानाच देतात. आधी क्लिक व दाणा यांची जोडी पक्क्या सवयीची करतात. आवाजाने पक्षी दचकत असेल तर एखादा ठरावीक आखूड शब्द चालतो. मग पेन्सिलीएवढी काठी जाळीबाहेर, चोचीपासून वीतभर अंतरावर स्थिर धरतात. पक्षी आधी मागे सरकतो, मान तिरपी करून एका डोळ्याने ती न्याहाळतो. नुसते तिच्याकडे वळला तरी क्लिक आणि दाणा. पुढच्या वेळी एक पाऊल टाकल्यावर, त्यानंतर टोकाला चोच लावल्यावर. काठी दातओठ खाऊन धरलीच तर ओढाओढ करीत नाहीत. चोच सैल होताच क्लिक करतात, कारण शिकवायचे आहे ते सोडणे. पाचेक मिनिटांत, पक्ष्याचा उत्साह टिकून असतानाच धडा थांबवतात. या काठीमागे चालत पक्षी हातात धरलेल्या दांडीवर व पुढे मनगटावर येतो. पोटावर बोट दाबून पाय उचलायला लावण्याची जुनी रीत त्यामुळे अनावश्यक ठरते. वजनकाट्यावर उभे राहणे, वाहतुकीच्या पेटीत जाणे हेही असेच शिकवता येते. बक्षिसाचा पदार्थ (बदामाचा तुकडा, सूर्यफुलाचे बी) एरवीच्या आहारातून वगळून ठेवतात. पक्ष्याला उपाशी ठेवून शिकवणे गैर आहे.

सगळे शिकणे खाऊसाठी नसते. अमेरिकेतील एका पक्षी-निवाऱ्यात मालकाने आणून सोडलेला ‘स्नोबॉल’ हा गंधकी तुऱ्याचा काकाकुवा संगीताची गती बदलली की आपल्या हालचालींची गतीही बदलतो, हे २००९ मध्ये दाखवण्यात आले. २०१९ मध्ये त्याच्या १४ वेगवेगळ्या हालचाली नोंदल्या गेल्या. त्या त्याला मुद्दाम शिकवलेल्या नव्हत्या. माणसांच्या सहवासाची ओढ हेच त्यामागचे कारण असावे, असे संशोधकांना वाटते.

किंचाळणे : पहाटे व संध्याकाळी काही मिनिटांचा गोंगाट नैसर्गिक असून तो घालवता येत नाही, ज्यांना तो सोसवणार नाही त्यांनी हा पक्षी घेऊ नये. लक्ष वेधण्यासाठीच्या किंचाळण्याकडे दुर्लक्ष करावे असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अपुरा आहे. दुर्लक्ष सुरू होताच किंचाळणे आधी वाढते, आणि त्या शिखरावर माणूस हरला तर पक्षी अधिक जोराने किंचाळायला शिकतो. थव्यातील पक्षी नजरेआड झालेल्या सोबत्याला हाक देतात व उत्तराची वाट पाहतात. म्हणून शीळ किंवा एखादा शब्द ही ‘उत्तर मिळणारी हाक’ ठरवून तिला दर वेळी प्रतिसाद द्यावा, हा मार्ग अधिक टिकाऊ दिसतो.

स्पर्श : छत्री व मोलुक्कन काकाकुवे कुशीत शिरतात आणि नवा मालक विरघळतो. पाठ, पंखांखालचा भाग व शेपटीचे मूळ कुरवाळणे पक्ष्याला जोडीदाराची वागणूक वाटते; त्यातून घरातील इतरांवर हल्ले, अंडी घालत राहणे व अवस्कर (विष्ठा व अंडी बाहेर पडण्याचा सामाईक मार्ग) बाहेर येणे असे विकार उद्भवू शकतात. हात डोके व मान यांपुरताच राहावा.

पिसे उपटणे : याच्या कारणांबाबत एकमत नाही. एका पक्षाच्या मते पिल्लांना आईबापांपासून लवकर तोडून हाताने भरवणे हे मूळ; दुसऱ्याच्या मते कंटाळा व एकटेपणा. दोन्ही मते वर्तनापुरती आहेत आणि शारीरिक कारणे वगळल्यावाचून त्यांपैकी कोणतेही लावू नये. डोक्यावरची पिसे शाबूत व छाती उघडी असेल तर पक्षी स्वतः उपटतो आहे, कारण डोक्याला त्याची चोच पोचत नाही. डोक्यावरचीही जात असतील तर रोग अथवा सोबती पक्षी यांचा संशय घ्यावा. चोच-पिसे रोगात भुकटी तयार होईनाशी होते, त्यामुळे एरवी राखाडी, धुरकट दिसणारी काळी चोच चकचकीत दिसू लागते. ही चमक नवा मालक आरोग्याची खूण समजतो. हा रोग विषाणुजन्य असून त्यावर खात्रीचा इलाज नाही.

आहारात पेलेट (तयार दाणेदार खाद्य), पालेभाज्या, गाजर, मोड आलेली कडधान्ये असावीत. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यांत लठ्ठपणा, यकृतविकार व अ जीवनसत्त्वाची उणीव आढळते. बदल आठवड्या-आठवड्याने, वजन पाहत करतात. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कॉफी व मद्य वर्ज्य.

काळ्या काकाकुव्यांच्या दत्तक-पालनाविषयीचे लेखन फारच थोडे आहे. ताड काकाकुवा तर घरगुती पक्षी मानलाच जात नाही.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटीस करारात कॉकॅटील वगळता सर्व काकाकुवे येतात. मोलुक्कन, गॉफिन, पिवळ्या तुऱ्याचा, फिलिपीन व ताड काकाकुवा परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात असून उरलेले परिशिष्ट २ मध्ये आहेत. पक्षी दत्तक घेताना त्याच्या उगमाची कागदपत्रे आधीच्या मालकाकडून त्याच वेळी घ्यावी लागतात. पायातील बंदिस्त कड्यावरचा क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहतात.