फ्रेंच हॉर्नला जॅझमध्ये पुढे आणणारे ज्युलियस वॉटकिन्स

फ्रेंच हॉर्न हे मुळात सिंफनीचं वाद्य. जवळपास पावणेचार मीटरची वेटोळी नळी, मागच्या बाजूला वळलेला भोंगा आणि त्या भोंग्यात वादकाचा उजवा हात. सूर मऊ आणि भरदार निघतो, पण वरच्या सप्तकात सूर एकमेकांना इतके खेटून असतात, की ओठांचा ताण जरा चुकला तरी भलताच सूर लागतो. द्रुत लयीत, तेही आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना, ही मोठीच जोखीम. त्यामुळे १९४० च्या दशकात क्लॉड थॉर्नहिल यांच्या बँडमध्ये हॉर्न आला तो मुख्यतः मागे रंग भरायला.

त्याला पुढे आणलं ज्युलियस वॉटकिन्स यांनी. जन्म डेट्रॉइटचा, १९२१ चा. नवव्या वर्षी शाळेच्या बँडमध्ये त्यांनी हॉर्न हाती घेतला. पण जॅझमध्ये हॉर्नवादकाला काम कोण देणार? १९४३ ते १९४६ ते अर्नी फील्ड्स यांच्या बँडमध्ये होते, ते ट्रम्पेट वाजवत. पुढे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये तीन वर्षं शिक्षण घेतलं.

१३ नोव्हेंबर १९५३ रोजी जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या ध्वनिमुद्रणाला ट्रम्पेटवादक आजारी पडला आणि ऐन वेळी वॉटकिन्सना बोलावणं गेलं. शेजारी सॅक्सोफोनवर सनी रोलिन्स. त्या दिवशीच्या 'फ्रायडे द थर्टीन्थ' या दहा मिनिटांच्या तुकड्यात हॉर्न कुणाची साथ करत नाही, स्वतःचं म्हणणं मांडतो. मला तरी त्यांची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा दुसरी वाटत नाही.

१९५४-५५ मध्ये ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या स्वतःच्या सेक्सटेटचं, म्हणजे सहा वादकांच्या गटाचं, वादन मुद्रित केलं. १९५६ मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली राऊज यांच्यासोबत त्यांनी 'ले जॅझ मोड्स' हा गट काढला. हॉर्न, टेनर सॅक्सोफोन आणि कधी कधी आयलीन गिल्बर्ट यांचा शब्दांविना गायलेला आवाज, असा त्याचा वेगळाच बाज होता. पण गट तीनेक वर्षंच टिकला. राऊज १९५९ मध्ये मंक यांच्याकडे गेले आणि वॉटकिन्स क्विन्सी जोन्स यांच्या बिग बँडमध्ये. १९६१ च्या, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या 'आफ्रिका/ब्रास' या अल्बममध्येही ते आहेत, पण पितळी वाद्यांच्या मोठ्या ताफ्यातले एक म्हणून. एवढ्या ताकदीच्या एकलवादकाच्या वाट्याला पुन्हा मागची रांग यावी, हे मनाला लागतं.

१९७७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. टॉम व्हार्नर आणि व्हिन्सेंट चॅन्सी हे त्यांचे शिष्य. दोघांनीही पुढे जॅझमध्ये हॉर्नवरच कारकीर्द केली.