वही आणि साक्षीदार: सर्च इंजिनची मागची गोष्ट

सर्च बॉक्समध्ये दोन शब्द टाकून एंटर दाबलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल येतात. त्यामुळे आपला समज होतो, की यंत्र त्या क्षणी जगभरची संकेतस्थळं धुंडाळून आलं. तसं काही होत नाही. शोधाशोध आधीच उरकलेली असते, कधी काही मिनिटांपूर्वी, कधी काही आठवड्यांपूर्वी. आपण विचारतो तेव्हा इंजिन फक्त स्वतःच्या वहीत बघतं. ही वही भरायची कशी आणि तिच्यातल्या लाखो नोंदींमधून पहिला मान कोणाला द्यायचा, या दोन प्रश्नांभोवती सर्च इंजिनचा सगळा इतिहास फिरतो. पहिला प्रश्न बऱ्यापैकी सुटला. दुसऱ्याचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे.

वहीची कल्पना संगणकाहून फार जुनी. १२३० च्या सुमारास पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर या डॉमिनिकन विद्वानाच्या देखरेखीखाली बायबलची शब्दसूची तयार झाली: शब्द घ्यायचा आणि तो ग्रंथात कुठेकुठे आलाय ते त्याच्यासमोर लिहायचं. आजचं इंजिन मुळात हेच करतं. समजा तीनच पानं आहेत. पहिल्यावर ‘पाऊस थांबला’, दुसऱ्यावर ‘पाऊस आणि वारा’, तिसऱ्यावर ‘वारा पडला’. वहीत नोंद होते: पाऊस – १, २. वारा – २, ३. कोणी ‘पाऊस वारा’ शोधलं, की या दोन याद्या शेजारीशेजारी ठेवायच्या आणि दोन्हींत असलेला आकडा उचलायचा: २. मूळ पान उघडायची गरजच पडली नाही. याद्या आकड्यांच्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे त्या अब्जावधींच्या असल्या तरी एका दमात जुळवता येतात. इंजिनच्या वेगामागचं मुख्य इंगित इतकंच.

आता तिसऱ्या पानावर ‘वाऱ्याने’ असतं तर? मराठीत खरी गंमत इथे सुरू होते. वारा, वाऱ्याने, वाऱ्यावर, वाऱ्यांमुळे ही एकाच शब्दाची रूपं आहेत, हे यंत्राला कोणीतरी शिकवावं लागतं. त्यातून ‘ऱ्या’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. नोंद करण्याआधी दोन्ही एका साच्यात आणले नाहीत, तर अर्धी पानं हातची जातात. युनिकोड रुळण्याआधी तर आणखी बिकट अवस्था होती. ठरावीक फॉन्ट बसवला की पडद्यावर मराठी दिसायची, पण फाइलच्या पोटात असायची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या काळातली कितीतरी मराठी पानं इंजिनच्या दृष्टीने मराठीत नव्हतीच.

वही भरण्याचं काम सुरू झालं वेब पसरण्याच्याही आधी. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या अ‍ॅलन एमटेज या विद्यार्थ्याने ‘आर्ची’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. ‘आर्काइव्ह’मधला व्ही काढला की आर्ची. सार्वजनिक एफटीपी सर्व्हरवरच्या, म्हणजे फायली उतरवून घेण्यासाठी खुल्या ठेवलेल्या संगणकांवरच्या, फायलींच्या नावांची यादी तो गोळा करायचा. फक्त नावं, आत काय आहे, याचा त्याला पत्ता नसे. वेब आल्यावर सुरुवातीला टिम बर्नर्स-ली स्वतःच नव्या सर्व्हरांची यादी हाताने ठेवत. जून १९९३ मध्ये एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रेने ‘वाँडरर’ सोडला, तो वेब केवढी झालीय हे मोजायला. लिंकवरून लिंकवर हिंडणारा हा पहिल्या क्रॉलरांपैकी एक. त्याच्या फेऱ्यांनी सर्व्हर मंदावतात, अशी ओरडही लगेच झाली.

डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचरने ‘जंपस्टेशन’ सुरू केलं. हिंडणं, नोंदवणं आणि विचारल्यावर शोधून देणं ही तिन्ही कामं पहिल्यांदा एका छताखाली आली ती इथे. जागा कमी म्हणून तो पानाचं शीर्षक आणि मथळे एवढंच साठवायचा. विद्यापीठाने पुढे पैसा घातला नाही आणि काम बंद पडलं. सर्च इंजिनचा जनक म्हणून त्याचं नाव आज कोणी सहसा घेत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. पानातला प्रत्येक शब्द नोंदवण्याची सोय आली एप्रिल १९९४ मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टनच्या ‘वेबक्रॉलर’बरोबर. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीने आपल्या अल्फा यंत्रांची ताकद दाखवायला ‘अल्टाव्हिस्टा’ आणलं, आणि वही मोठी करणं हा प्रश्न जवळजवळ मिटला.

याच सुमारास एक साधा करार झाला, तोही तोंडीच म्हणावा असा. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवलं, की प्रत्येक संकेतस्थळाने ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी मजकूर फाइल ठेवावी आणि कोणत्या क्रॉलरने कुठे फिरकू नये ते त्यात लिहावं. पाळायची सक्ती कोणावर नाही. दारावर पाटी लावायची, वाचणाऱ्याने मान राखायचा. अधिकृत इंटरनेट मानक म्हणून तिची नोंद झाली थेट २०२२ मध्ये, तोवर सगळं भिडेवर चाललं.

वही मोठी झाली आणि दुसरा प्रश्न आ वासून उभा राहिला. एका शब्दाला लाख पानं सापडली, तर पहिलं कोणतं? याचं थोडं उत्तर ग्रंथालयशास्त्राच्या अंगाने आलेल्या संशोधनात होतं. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलं, की जो शब्द सगळीकडे आढळतो त्याचं वजन कमी धरावं आणि दुर्मीळ शब्दाचं जास्त. ‘आणि’ला किंमत नाही, ‘ज्वालामुखी’ला आहे. ही युक्ती आजही कामाला येते. पण तिच्यात गृहीत धरलंय, की पान स्वतःबद्दल खरं बोलतंय. ग्रंथालयात ते ठीक. वेबवर मात्र वर दिसलं की गिऱ्हाईक मिळतं, हे कळल्याबरोबर लोक पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत हवे ते शब्द शेकडो वेळा भरू लागले. आपल्याच खटल्यात आपणच साक्षीदार! १९९४ मध्येच जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी ‘याहू’त माणसांकडून संकेतस्थळांचं वर्गीकरण करून घेण्याचा मार्ग धरला होता. दर्जा राहिला, पण वेबच्या वाढीपुढे माणसं पुरी पडेनात.

स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये आपल्या इंजिनवर निबंध लिहिला. त्यातलं एक निरीक्षण मला फार आवडतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये आघाडीच्या चार व्यापारी इंजिनांत स्वतःचंच नाव टाकलं, तर पहिल्या दहा निकालांत स्वतःला शोधून काढणारं इंजिन फक्त एक होतं! त्यांचा उपाय होता साक्षीदार बदलण्याचा. पान स्वतःबद्दल काय म्हणतं ते बाजूला ठेवा, इतर पानं त्याच्याकडे किती बोटं दाखवतात ते बघा. कल्पना अगदीच कोरी नव्हती. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी किती केला, यावर युजीन गारफील्ड यांची विज्ञान उल्लेखसूची १९६४ पासून चालू होती, आणि पुढे ‘बायडू’ हे चिनी सर्च इंजिन काढणाऱ्या रॉबिन ली यांनीही १९९६ मध्ये लिंकांवर आधारलेली क्रमवारी केली होती. पेज-ब्रिन यांनी तिला हिशेबाची घट्ट बैठक दिली. कल्पना करा, एक भटक्या वाचक आहे. तो १०० पैकी साधारण ८५ वेळा समोरच्या पानावरची कुठलीही एक लिंक दाबतो, उरलेल्या वेळी कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अखंड फिरत राहिला, तर ज्या पानावर जास्त वेळा सापडेल ते पान वजनदार. म्हणजे वजनदार पानाने दाखवलेलं बोटही वजनदार, आणि शंभर दिशांना बोटं दाखवणाऱ्याचं एकेक बोट हलकं. २ कोटी ४० लाख पानांवर त्यांनी हे करून दाखवलं आणि सप्टेंबर १९९८ मध्ये ‘गुगल’ कंपनी नोंदवली.

पण साक्षीदार फोडता येतातच. २००३ मध्ये काही लोकांनी ठरवून ‘दारुण अपयशी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाला लिंका दिल्या. त्या पानावर ते शब्द नव्हतेच, तरी शोधल्यावर तेच पान वर येई. ही थट्टा होती. धंदेवाईकांनी मात्र एकमेकांना लिंका देणारी हजारो पोकळ संकेतस्थळं उभी केली. पोकळ मजकुराच्या गिरण्यांसाठी गुगलने २०११ मध्ये ‘पांडा’ आणि विकतच्या लिंकांसाठी २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हे बदल आणले. त्यांत काही प्रामाणिक मंडळीही भरडली गेली.

पैशाची बाजूही इथेच सांगायला हवी. त्याच १९९८ च्या निबंधाच्या परिशिष्टात लेखकांनी बजावलं होतं, की जाहिरातींवर जगणारी इंजिनं साहजिकच जाहिरातदारांकडे झुकतील. त्याच वर्षी ‘गोटू’ या इंजिनने शोधशब्दांवर बोली लावून क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत सुरू केली. ऑक्टोबर २००० मध्ये गुगलची ‘अ‍ॅडवर्ड्स’ आली, तेव्हा तिच्यात ३५० जाहिरातदार होते. पुढे काय झालं ते सर्वांसमोर आहे.

भाषा समजण्याच्या अंगाने मोठी उडी बसली ती २०१९ मध्ये, ‘बर्ट’ हे भाषा-मॉडेल गुगलच्या शोधात आल्यावर. त्याआधी प्रत्यय सोलून मूळ शब्द जुळवण्यावर पुष्कळ भर असे. पण ‘आईला मुलाचे पत्र’ आणि ‘मुलाला आईचे पत्र’ यांचे प्रत्यय सोला: दोन्हीकडे आई, मूल, पत्र एवढंच उरतं आणि पत्र कोणी कोणाला लिहिलं तेच नेमकं हरवतं. नवी मॉडेलं शब्द सुटे घेत नाहीत. शेजारपाजाऱ्यांसकट त्यांचा अर्थ आकड्यांत मांडतात, म्हणून हा ‘ला’ आणि ‘चे’ टिकतो. रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आधी कधीच आलेले नसतात, असं गुगल सांगत आलंय. तिथे निव्वळ वही पुरत नाही.

मे २०२४ पासून गुगल अमेरिकेत निकालांच्या डोक्यावर यंत्राने रचलेलं उत्तरच देऊ लागलं. पहिल्याच आठवड्यांत त्याने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून डिंक घालायचा सल्ला दिला. कोणीतरी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर अनेक वर्षांपूर्वी केलेला विनोद त्याने साक्ष म्हणून धरला होता. लोक हसले. संकेतस्थळवाल्यांची काळजी निराळी आहे. ‘तुम्ही पानं वाचू द्या, आम्ही वाचक पाठवू’ हा इंजिनशी न लिहिलेला सौदा होता. उत्तर वरच मिळालं, तर वाचक खाली येईल कशाला?

म्हणून ती १९९४ ची मजकूर फाइल आता पुन्हा उघडली जातेय. २०२३ मध्ये मॉडेल शिकवण्यासाठी मजकूर गोळा करणाऱ्या ‘जीपीटीबॉट’सारख्या क्रॉलरांची नावं जाहीर झाली आणि न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रांनी त्यांना दार बंद केलं. गुगलनेही अशा वापराला नकार देण्यासाठी ‘गुगल-एक्स्टेंडेड’ नावाची वेगळी ओळ दिली. मात्र निकालांच्या डोक्यावरचं ते उत्तर या ओळीत मोडत नाही. तिथली सामग्री नेहमीचाच ‘गुगलबॉट’ गोळा करतो, आणि त्याला अडवलं तर साध्या निकालांतूनही बाहेर पडण्याची पाळी येते.