मधले चार रुपये: तारवणीवाल्यापासून मार्केट मेकरपर्यंत

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका शेअर दलालाकडे परवा एक काका स्क्रीनवर बोट ठेवून वाद घालत होते. शेअर एसएमईचा, म्हणजे लहान-मध्यम उद्योगाचा. घेणारा 112 ला, देणारा 116 ला. ‘मधले चार रुपये कोणाच्या खिशात?’

प्रश्न जुना आहे. मुंबईत त्याचं उत्तर एकेकाळी होतं ‘तारवणीवाला’. 1875 साली सुरू झालेल्या मुंबई शेअर बाजारात 1995 पर्यंत सौदे रिंगणात ओरडून होत. तिथे ठरावीक शेअरांत स्वतःच्या जिवावर उभे राहणारे हे जॉबर. विचारलं की घ्यायचा आणि द्यायचा असे दोन्ही भाव सांगायचे. मधला फरक ही कमाई. पण भाव द्यायलाच हवा अशी सक्ती नव्हती. बाजार बिथरला की फरक वाढे, नाहीतर जॉबर गप्प. सौदा नेमका कोणत्या क्षणी झाला, हे ठाण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नव्हता. दलाल सांगेल तो भाव.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात अशी सक्ती होती. तिथल्या ‘स्पेशालिस्ट’ने बाजार अडू द्यायचा नाही, कोणी नसेल तेव्हा स्वतः घ्यायचं-द्यायचं. बदल्यात सगळ्यांच्या ऑर्डरी त्याच्या डोळ्यांसमोर. हा मोह मोठा. 2004 मध्ये पाच स्पेशालिस्ट पेढ्यांना गिऱ्हाइकांच्या पुढे स्वतःचे सौदे घुसवल्याच्या आरोपांवरून सुमारे 24 कोटी डॉलर भरावे लागले.

अमेरिकेतल्याच नॅसडॅक या दुसऱ्या शेअर बाजाराची कथा त्याहून मजेशीर. भाव डॉलरच्या आठव्या हिश्श्यांत चालत. 1994 मध्ये क्रिस्टी आणि शुल्ट्झ या दोन अभ्यासकांनी दाखवलं, की कित्येक मोठ्या शेअरांत मार्केट मेकर, म्हणजे घ्यायचा-द्यायचा असे दोन्ही भाव लावणारे व्यापारी, विषम आठवे हिस्से (1/8, 3/8 असे) जवळपास वापरतच नाहीत. म्हणजे फरक निदान पाव डॉलर! बोभाटा झाला आणि काही शेअरांतला फरक झपाट्याने आकसला. 2001 मध्ये अपूर्णांक जाऊन सेंट आले, तसा तो आणखी घटला.

आपल्याकडे नोव्हेंबर 1994 मध्ये एनएसईने, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराने, आधी भाव, मग वेळ या क्रमाने ऑर्डरी संगणकावर जुळवायला सुरुवात केली. मार्च 1995 मध्ये बीएसईची, म्हणजे मुंबई शेअर बाजाराची, ‘बोल्ट’ ही संगणकी सौद्यांची यंत्रणा आली. रिंगण उठलं, ‘जॉबिंग’ हा शब्द तेवढा उरला. मोठ्या शेअरांत मध्यस्थाची गरजही फारशी राहिली नाही. एसएमईत घेणारे-देणारेच मोजके, म्हणून 2012 मध्ये त्यांचे मंच सुरू झाले तेव्हा प्रत्येक शेअरला नोंदणीपासून निदान तीन वर्षं मार्केट मेकर सक्तीचा केला. दिवसाच्या 75 टक्के वेळ त्याने दोन्ही भाव लावून ठेवायचे.

म्हणजे 112 आणि 116 एकाचेच असू शकतात. हे ऐकून काकांनी 114 ची ऑर्डर लावली. बाजार बंद होईपर्यंत ती तशीच पडून होती.